एकाच पत्त्यावरची दोन नावं

टेम्पो येऊन दाराशी लागला तेव्हा काकू बरोबर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत जायचं तर एक तर त्यांना उठवायला हवं होतं, नाहीतर खिडकीतून उडी मारायला हवी होती. आणि टेम्पोतल्या दोघांपैकी कुणाचंच वय खिडकीतून उडी मारायचं राहिलं नव्हतं.

"माणसं आत येऊ शकतात," काकूंनी जाहीर केलं. "रिकाम्या हातांनी."

टेम्पोवाले भावजी स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाले, "वहिनी, मी नुसता ड्रायव्हर. दादा म्हणाला घरी चल, मी आलो. माझ्यावर राग काढू नका."

"तुमच्यावर कशाला काढू? तुम्ही टेम्पो तसाच वळवा म्हणजे झालं."

दुसऱ्या बाजूने डॉक्टर, म्हणजे काकूंचे यजमान, उतरले. अडतीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवलेला माणूस. सर्जनांनी कापून काढलेला तुकडा साधा आहे की कॅन्सरचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता लॅबची इमारत पाडायची ठरली होती. यंत्रं गेली, टेबलं गेली, राहिल्या त्या दोनशे चौदा पेट्या. पेट्यांमध्ये मेणाचे ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्यात कुणाच्या तरी शरीराचा नखाएवढा तुकडा.

"अगं, मागची खोली रिकामीच आहे ना," डॉक्टर म्हणाले.

"आहे. आणि ती तशीच राहणार आहे."

भांडण होतं ते इथेच. मागच्या खोलीतला भाडेकरू गेल्या महिन्यात गेला आणि त्याच संध्याकाळी काकूंनी सांगून टाकलं, ही खोली आता माझी. कशासाठी, असं जो तो विचारू लागला. शिवणासाठी? पुस्तकं लावायला? काकूंचं उत्तर एकच, "कशासाठी नाही. दार लावून बसायला." हे काही कुणाला पटेना. चौसष्ट वर्षांची बाई कशासाठी नाही म्हणून खोली मागते म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"मी काय म्हणतो दादा," भावजी खाली उतरले. वाऱ्याची दिशा बघून बोलायची त्यांना पहिल्यापासून सवय. "पेट्या ठेवायच्याच कशाला? बरे झाले ते झाले, गेले ते गेले. जुनं ठेवायची सक्ती नाही असं तूच म्हणालास."

"सक्ती नाही म्हणालो. टाकून द्या असं म्हणालो नाही."

"बघा, भावजी माझ्या बाजूने आहेत."

"मी कुणाच्याच बाजूने नाही," भावजी घाईघाईने म्हणाले. "मला शुक्रवारपर्यंत टेम्पो रिकामा हवाय, इतकंच."

आतून वन्संचा आवाज आला. "पहिल्यांदा जेवा. उपाशीपोटी कुणाचा निकाल लागत नाही." वन्सं म्हणजे डॉक्टरांची बहीण, दोघा भावांच्या मधली. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं तपासली होती. त्यामुळे माणसाने काय केलं यापेक्षा त्याच्या नावातली वेलांटी बरोबर आहे का, हे त्यांना आधी दिसायचं.

रविवारचं जेवण सगळ्यांनी इथेच जेवायचं, हा या घराचा शिरस्ता. पण गेले दोन महिने एक खुर्ची रिकामी राहत होती. ती होती मुंगीची. भावजींची मुलगी, वय चौतीस, कॅन्सरच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. तिचे लेख परदेशात वाचले जायचे; पण घरात ती मुंगीच. चौथ्या वर्षी साखरेच्या डब्यात हात घालून झोपलेली सापडली, तेव्हा जे नाव चिकटलं ते चिकटलं.

दोन महिन्यांपूर्वी तिने डॉक्टरांकडे हे ठोकळे मागितले होते. संस्थेच्या समितीची परवानगी होती, रुग्णांची नावं काढून टाकायची होती, सगळं रीतसर. फक्त डॉक्टरांची सही हवी होती. डॉक्टरांनी कागद परत सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले बसल्या जागी शिकार करता. मग वाघ आमच्याकडे कशाला मागता?" मुंगी कागद घेऊन उठली ती परत आली नव्हती.

आज ती आली. काकूंच्या खुर्चीशी थांबली, टेम्पोकडे एकदा आणि काकूंकडे एकदा बघितलं.

"तुझे हात रिकामे आहेत?" काकूंनी विचारलं.

"बॅग आहे. बॅगेत कागद आहेत."

"कागद चालतील."

मुंगी आत गेली. डॉक्टर टेम्पोच्या मागच्या बाजूला पेट्या मोजायला निघून गेले, सकाळपासून तिसऱ्यांदा.

*

जेवताना डॉक्टर आणि मुंगी एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांबद्दल बोलत होते. काकूंना हा प्रकार चांगला ओळखीचा होता. या घराण्यात अबोला धरताना लोक गप्प बसत नाहीत, फक्त पत्ता बदलतात.

"मुंगीला विचार गं," डॉक्टर वन्संना म्हणाले, "की शुक्रवारी तिच्याकडे काय आहे."

"समिती आहे," मुंगी भावजींना म्हणाली. "बाबा, यादीतली दोन नावं निवडणार आहेत. मग त्या दोघांवर प्रयोगशाळेत तीन वर्षं काम."

"कसली नावं?" भावजींनी विचारलं. मुलीचं काम आपल्याला कळत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं, पण दर वेळी नव्याने विचारायचा त्यांचा उत्साह मोठा होता.

मुंगीने वाटी बाजूला सरकवली. "हे बघा. शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट बघत फिरतात. कॅन्सरच्या पेशी त्यांना चुकवतात. आता पहारेकऱ्याला आपण शिकवू शकतो, की अमुक नंबर दिसला की गाडी फोडून टाक. ते तंत्र आहे आमच्याकडे. प्रश्न इतकाच की कुठला नंबर सांगायचा? फक्त चोरांच्या गाडीवर असेल असा हवा. चुकून तोच नंबर रुग्णवाहिकेवर निघाला तर?"

"रुग्णवाहिका फुटेल," भावजी गंभीरपणे म्हणाले.

"बरोबर. तर माणसात वीस हजार जनुकं. कॅन्सरच्या हजारो गाठींमध्ये कुठलं जनुक किती चालू आहे, याच्या नोंदी जगभरातल्या लोकांनी जमवून ठेवल्यात. निरोगी अवयवांच्याही. मी दोन्ही समोरासमोर ठेवते आणि चाळत जाते. पेशीच्या आतच राहतं, बाहेर दिसत नाही? बाद. निरोगी हृदयात दिसतं? बाद. मेंदूत, यकृतात दिसतं? बाद. चाळून चाळून वीस हजारांची बारा राहिली."

"चाळणीला भोकं केवढी आहेत, ते विचार," डॉक्टर आपल्या ताटाला म्हणाले.

"चाळणीला भोकं नसतील तर तिला ताट म्हणतात," मुंगी वडिलांना म्हणाली.

वन्सं खुदकन हसल्या आणि लगेच भावाकडे बघून गंभीर झाल्या. काकूंनी मनात नोंद केली: वन्सं मुंगीकडे झुकल्या.

कुठल्या कॅन्सरच्या गाठी, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. फुप्फुसाच्या ज्या कॅन्सरने मुंगीची आई पंधरा वर्षांपूर्वी गेली, त्याच्याच. आपल्या भावजयीचा तो तुकडा डॉक्टरांनीच बघितला होता. बघितला आणि त्याच दुपारी घरी येऊन, कोट न काढता, एकोणीस वर्षांच्या मुंगीसमोर जे होतं ते सांगून टाकलं होतं. "फार तर आठ महिने." आठच झाले. चूक काहीच नव्हती त्यात. पण त्या वाक्याला वर आणि खाली थोडं तरी काही बांधायला हवं होतं, असं काकूंना तेव्हापासून वाटायचं.

"आण ती यादी इकडे," वन्सं म्हणाल्या. "कुणी तपासली आहे का?"

"आत्या, ती कॉम्प्युटरने काढली आहे."

"डिरेक्टरीसुद्धा शेवटी कॉम्प्युटरनेच काढायचे. पहिल्या वर्षी एका न्हाव्याचा नंबर अग्निशमन दलाला दिला होता. आण."

जेवणं झाली. भावजी आडवे झाले, डॉक्टर पुन्हा पेट्यांकडे गेले, काकू आपल्या खुर्चीवर परतल्या. दार मोकळं सोडायचं नाही म्हणजे नाही. वन्सं टेबलावर यादी पसरून, हातात पट्टी घेऊन बसल्या. एकेका ओळीखाली पट्टी सरकवायची आणि ओठ हलवत वाचायचं. बारा ओळी, त्यांना वीस मिनिटं लागली. मुंगी समोर बसून चहा पीत होती. आत्याला खेळायला काहीतरी दिलंय अशा चेहऱ्याने.

"मुंगे," वन्सं म्हणाल्या, "सातवा आणि अकरावा भाऊ आहेत का?"

"कोण?"

"तुझ्या यादीतला सातवा आणि अकरावा. नावं वेगळी आहेत. पण इथे शेवटच्या रकान्यात हे आकडे आहेत ना, हे काय असतात?"

"तो जनुकाचा पत्ता. कुठल्या गुणसूत्रावर, कुठून सुरू होतं, कुठे संपतं."

"मग दोघांचा पत्ता एकच आहे. आकडा न् आकडा. एका घरात दोन माणसं राहू शकतात, पण एकाच खुर्चीत दोघं बसलेली मी डिरेक्टरीत तरी पाहिली नाहीत."

मुंगीने कप खाली ठेवला. कागद ओढून घेतला. मग लॅपटॉप उघडला. काकू दारातून बघत होत्या. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

"एकच आहे," ती शेवटी म्हणाली. "अकराव्याचं ते जुनं नाव आहे. गाठींच्या नोंदींचा एक संच फार जुना आहे, त्यात जुनंच नाव राहून गेलंय. मी नावं जुळवणारी यादी लावली होती, त्यात हे नव्हतं." मग अगदी हळू, "बारा नाहीत. अकरा आहेत."

"त्यात काय एवढं?" वन्सं म्हणाल्या. "तुला घरी मुंगी म्हणतात, ऑफिसात मॅडम. तू काय दोन आहेस?"

"आत्या, शुक्रवारी मी हे समितीसमोर ठेवलं असतं! आणि सातवा माझा पहिला नंबर आहे. इतका स्वच्छ दुसरा कुणीच नाही. गाठींमध्ये भरपूर, निरोगी शरीरात जवळपास शून्य."

"जुनं नाव काय म्हणालीस?"

हा आवाज डॉक्टरांचा होता. ते काकूंच्या खुर्चीमागे, बाहेरच्या पायरीवर उभे होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते सरळ मुंगीशी बोलले होते. ते खुद्द त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

मुंगीने चार अक्षरं आणि एक आकडा वाचून दाखवला.

डॉक्टर एक पायरी वर चढले. काकूंनी मान वळवून वर बघितलं. अडतीस वर्षं त्यांच्या लॅबचे रिपोर्ट टाइप केले होते काकूंनी, बिनपगारी, घरचं काम म्हणून. हा चेहरा त्यांना पाठ होता. हा 'सर्जनला फोन लावा' असं म्हणण्याआधीचा चेहरा.

"उठ जरा," डॉक्टर म्हणाले. आणि काय झालं ते कळायच्या आत काकू उठल्यासुद्धा.

*

"तीस वर्षं तरी झाली असतील," डॉक्टर टेबलाशी बसत म्हणाले. "औषध कंपनीचा एक माणूस यायचा. नमुना म्हणून एक बाटली ठेवून गेला. तो द्रव तुकड्यावर घातला की ज्या पेशीवर ही खूण असेल तेवढी तपकिरी होते, बाकीच्या निळ्या राहतात. बाटलीवर हेच नाव होतं. मी हाताशी होता तो तुकडा घेतला. स्वादुपिंडाचा."

"आणि?" मुंगी.

"बेटं तपकिरी झाली."

"कसली बेटं?" भावजी उठून बसले होते.

"स्वादुपिंडात अशी बेटं असतात, पेशींचे छोटे छोटे पुंजके. इन्सुलिन तिथेच तयार होतं. सगळ्या स्वादुपिंडात शंभरातला एखादाच भाग त्यांचा."

मुंगी उभीच राहिली. "तसं असतं तर नोंदींमध्ये दिसलं असतं."

"तुझ्या नोंदी कशा घेतात? सगळा तुकडा वाटून, त्याची सरासरी?"

"जुन्या, हो."

"मग शंभरातल्या एकाचा आवाज नव्व्याण्णवांत बुडणार."

"एकेका पेशीच्या वेगळ्या नोंदीही असतात आता!"

"स्वादुपिंडाच्या किती आहेत?"

मुंगीने लॅपटॉपवर आकडा बघितला. मग म्हणाली, "कमी आहेत. बाहेर काढलं की ते स्वतःलाच पचवायला लागतं. नमुने खराब होतात." पण ती सहजासहजी हटणारी नव्हती. "काका, आठवण म्हणजे पुरावा नाही. बाटली खराब असू शकते. तुम्ही तेव्हा काय निष्कर्ष काढला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाटली खराब आहे, असाच. फेकून दिली."

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे दादा, आता तू तिला सांगतोस की तेव्हाचा तू चुकला होतास आणि आताचा तू बरोबर आहेस?"

"मी काहीच सांगत नाही. पुन्हा बघायला हवं एवढंच."

"कशावर बघणार?" भावजी म्हणाले, आणि मग सगळ्यांच्याच माना एकदम दाराकडे वळल्या. दाराबाहेर टेम्पो उभा होता, आणि दारात काकूंची रिकामी खुर्ची.

काकूंना इतकं महत्त्व या घरात फार वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी ते पुरतं अंगाला लागू दिलं. खुर्चीवर जाऊन सावकाश बसल्या.

"वहिनी," भावजी म्हणाले, "मी मघाशी तुमच्या बाजूने होतो. पण आता पोरीचा प्रश्न आहे."

"तुम्ही कुणाच्याच बाजूने नव्हतात, आठवा."

"काकू, मला एकच ठोकळा हवाय," मुंगी म्हणाली. "निरोगी स्वादुपिंडाचा. एक."

"दोनशे चौदा पेट्यांतून एक," डॉक्टर म्हणाले. "आणि निरोगी स्वादुपिंड कोण कापून देतंय? गाठ असते म्हणूनच काढतात. सगळ्या वह्या चाळाव्या लागतील. म्हणजे पेट्या आत घेऊन, लावून..."

"किती दिवस?"

"आठवडा. दोन."

"शुक्रवारी समिती आहे," मुंगी म्हणाली, आणि खाली मान घातली.

काकू थोडा वेळ टेम्पोकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "सुतार."

"काय?"

"शिडीवरून पडलेला सुतार. प्लीहा फुटली होती, तिच्याबरोबर स्वादुपिंडाचं शेपूट काढलं. आजार काही नव्हता, नुसता मार. मी तुम्हाला विचारलं होतं, स्वादुपिंडाला शेपूट असतं का, आणि तुम्ही हसला होतात. टाइपरायटरचं 'र' चं बटण तुटलं ते साल. त्याच्या रिपोर्टात 'सुतार'मधला 'र' हाताने लिहावा लागला. त्या सालाच्या पेट्यांना मी हिरवी पट्टी लावली होती, कारण पांढरी संपली होती."

भावजींनीच पहिल्यांदा किल्ली उचलली. चाळीस मिनिटांत टेम्पोच्या पोटातून हिरव्या पट्टीच्या पाच पेट्या पायरीवर आल्या आणि चौथीत सुतार सापडला.

डॉक्टर ठोकळा उजेडाकडे धरून बघत राहिले. "तुला हे सगळं पाठ आहे?"

"सगळं नाही. जे टाइप केलं ते."

मुंगीने बॅगेतून दोन महिन्यांपूर्वीचा तोच कागद काढला. डॉक्टरांनी न वाचता सही केली. एका ठोकळ्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी. कागदावर तसंच लिहिलं होतं. वन्संनी लगेच सांगितलं, "न वाचता सही करू नये," आणि कागद घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "इथे लिहिलंय की पेट्या संस्था सांभाळणार. खोली, हवा, थंडावा, सगळं त्यांचं. हे तुम्ही दोघांनी दोन महिन्यांपूर्वी वाचलं असतं तर आजचा तमाशा वाचला असता."

काकूंनी खुर्ची उचलून आत नेली.

*

गुरुवारी दुपारी संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर, काकू आणि मुंगी सूक्ष्मदर्शकापुढे उभी होती. भावजी पेट्या उतरवून घेत खाली थांबले होते. डॉक्टरांनी गोदामाच्या माणसाला ओल, उंदीर आणि वीज जाण्याबद्दल इतके प्रश्न विचारले होते, की तो बिचारा चहाला जातो सांगून गेला तो परतलाच नव्हता.

सुताराच्या ठोकळ्यातून केसापेक्षा पातळ काप काढले होते. नवीन बाटली, नवीन द्रव, तपासून घेतलेला. मुंगीने आधी बघायचं नाही असं ठरवलं होतं. "तुम्ही बघा काका. मला सातवा इतका आवडतो, की मला निळंच दिसेल."

डॉक्टर स्टुलावर बसले. डोळे लावले. काच थोडी इकडे, थोडी तिकडे. भिंग बदललं. परत तेच केलं. काकू मागे उभ्या राहून त्यांच्या मानेकडे बघत होत्या. ताठ झाली की वाईट, सैल पडली की चांगलं. इतकं त्यांना वर्षानुवर्षांच्या शेजारपणातून कळत होतं. मान ताठ झाली. मग, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं असं, ती मुद्दाम सैल सोडली गेली.

"फिकट आहे," डॉक्टर म्हणाले. "थोडा रंग दिसतो बेटांच्या आसपास. पण पार्श्वभूमीचा म्हणता येईल. कड धरली तर… निष्कर्ष काढण्याइतकं नाही असं म्हणता येईल."

मुंगीचा चेहरा उजळला. "म्हणजे सातवा राहतो?"

काकू चमकल्या. म्हणता येईल? अडतीस वर्षांत या माणसाने 'म्हणता येईल' हे शब्द एकदाही सांगितले नव्हते. आहे, किंवा नाही, किंवा कळत नाही, पुन्हा तुकडा पाठवा. त्याच्या रिपोर्टात चौथं वाक्य नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी कोट न काढता सांगितलेल्या त्या एका वाक्याला हा माणूस आज, इथे बसून, वर-खाली काहीतरी बांधू बघत होता. उशीर झाला होता, आणि भलत्याच ठिकाणी. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच थांबतं?

त्या बोलणार होत्या. पण मुंगी त्यांच्या आधी बोलली.

"काका, सरका."

"मी सांगतोय ना..."

"तुम्ही 'म्हणता येईल' म्हणालात. सरका."

ती बसली. डोळे लावले. फार वेळ लागला नाही. तिने भिंगही बदललं नाही.

"तपकिरी आहेत," ती म्हणाली. "काका, ठळक तपकिरी आहेत. एकूण एक."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"सातव्यावर नेम धरलेलं औषध दिलं असतं तर माणसाची बेटंच गेली असती."

"हो."

"मग खोटं का बोललात?"

डॉक्टरांनी हात कोटाच्या खिशात घातले आणि परत काढले. "मागच्या वेळी खरं बोललो होतो," ते म्हणाले. "ते काही मला नीट जमलं नव्हतं."

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं नाक लाल झालं, आणि मग ती एकदम हसायलाच लागली. रडता रडता हसत होती, बाहीने नाक पुसत होती. "पण काका, किती वाईट खोटं बोलता तुम्ही! कड धरली तर! कसली कड?"

"सवय नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "घरीसुद्धा असंच. वाढदिवसाची भेट लपवायची तर आठवडाभर घाम फुटलेला असतो."

डॉक्टरांच्या तोंडावरही हसू आलं, ओशाळं, पण आलं. मुंगीने यादी काढली. अकरावा तर रविवारीच गेला होता. आता सातव्यावर रेघ मारली. रेघ मारताना पेन क्षणभर थांबलं, मग सरळ गेलं.

"दहा," ती म्हणाली. "उद्या समितीला सांगेन की यादी दहाची आहे, आणि दोन निवडायच्या आधी दहाच्या दहा मला या पेट्यांवर बघायचेत. बेटं, ग्रंथी, जिथे जिथे सरासरीत कुणी बुडालं असेल तिथे तिथे. त्यांना महिनाभर थांबावं लागेल. ओरडतील."

"ओरडू देत," डॉक्टर म्हणाले. "मंगळवार-शुक्रवार मी मोकळाच आहे. पण मी दिसेल तेच सांगणार. तू रडलीस तरी."

"चालेल. फक्त कोट काढून सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग सावकाश, एकेक बाही सोडवत, कोट काढून भिंतीवरच्या खुंटीला लावला.

मुंगी उठली आणि स्टूल काकूंकडे सरकवलं. "काकू, बसा. बघा."

"मी? मला काय कळतंय त्यात?"

"सुतार तुमचा आहे. बघा तर."

काकू बसल्या. पहिल्यांदा स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग नुसता उजेड. डॉक्टरांनी मागून हात लांबवून एक चकती जराशी फिरवली, आणि एकाएकी सगळं स्पष्ट झालं. फिकट निळं, दूरवर पसरलेलं, दाणेदार. आणि त्यात अधूनमधून, एकटीदुकटी, गोलसर, तपकिरी बेटं. हा शब्द त्यांनी किती वेळा टाइप केला असेल! त्यांना वाटायचं, डॉक्टरांनी सोयीसाठी काहीतरी नाव ठेवलंय. पण ती खरोखरच बेटं होती. किनारा होता त्यांना.

"एवढीशीच?" त्या म्हणाल्या.

"एवढीशीच," डॉक्टर त्यांच्या कानाशी म्हणाले. "पण माणूस त्यांच्यावर चालतो."

काकूंनी डोळे काढले नाहीत. काच कशी सरकवायची ते विचारून घेतलं आणि हळूहळू, एक बेट संपलं की पुढचं, अशा त्या मोजत निघाल्या. खालून भावजींनी दोनदा हाक मारली, टेम्पो रिकामा झालाय, निघायचं का म्हणून.

"थांबायला सांगा त्यांना," काकू म्हणाल्या. "माझं चाललंय."